अलेग्री यांचे ‘मिसेरेरे’ कसे ऐकावे : केंब्रिजच्या १९६३ सालच्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात

पाश्चात्त्य धार्मिक वृंदगान ऐकण्याची इच्छा आहे, पण त्याची काहीच सवय नाही, अशा श्रोत्याला बहुधा बाखची जवळजवळ तीन तास चालणारी ‘मॅथ्यू पॅशन’ किंवा मोझार्टचे ‘रेक्विएम’ सुचवले जाते आणि तो बिचारा पहिल्या अर्ध्या तासातच दमून जातो. माझ्या मते सुरुवात याहून पुष्कळ लहान रचनेने करावी. ग्रेगोरिओ अलेग्री (१५८२–१६५२) या रोमन संगीतकाराचे ‘मिसेरेरे’ सुमारे बारा मिनिटांत संपते. त्यात वाद्ये नाहीत, तालाचा ठेका नाही आणि सगळी रचना दोन-तीन घटकांच्या आवर्तनावर उभी आहे, त्यामुळे काय चालले आहे हे नवख्या कानालाही दोन-तीन वेळा ऐकल्यावर कळू लागते. या रचनेची ध्वनिमुद्रणे विपुल आहेत. तरीही किंग्ज कॉलेज, केंब्रिज येथील गायकवृंदाने डेव्हिड विलकॉक्स यांच्या संचालनाखाली मार्च १९६३ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण साठ वर्षांनंतरही मानदंडासारखे समोर ठेवले जाते. पुढील मार्गदर्शन त्याच ध्वनिमुद्रणाला धरून आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे ध्वनिमुद्रण एका बारा वर्षांच्या मुलाने लावलेल्या एका अतिशय उंच सुरासाठी प्रसिद्ध आहे आणि नवख्या श्रोत्याची पहिली अडचण नेमकी तीच ठरते. तो त्या सुराची वाट पाहत बसतो, सूर आला की रोमांचित होतो आणि उरलेली अकरा मिनिटे त्याच्या कानांवरून निघून जातात. मी स्वतः कित्येक महिने असेच ऐकत होतो. तो सूर का भिडतो, हे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या संगीतात दडलेले आहे, आणि खालील पायऱ्यांचा हेतू लक्ष तिकडे वळवण्याचा आहे.

पहिली पायरी : नेमके ध्वनिमुद्रण निवडावे

‘मिसेरेरे’ या नावाने शोध घेतल्यास डझनावारी ध्वनिमुद्रणे समोर येतात, आणि त्यांतील काही किंग्ज कॉलेजच्याच गायकवृंदाने पुढे दुसऱ्या संचालकांच्या हाताखाली केलेली आहेत. म्हणून तीन खुणा पाहाव्यात. संचालक म्हणून डेव्हिड विलकॉक्स यांचे नाव असावे, एकल गायक म्हणून रॉय गुडमन यांचे नाव असावे, आणि गायन लॅटिनमध्ये नसून इंग्रजीत असावे. सुरुवातीचे शब्द ‘हॅव मर्सी अपॉन मी, ओ गॉड’ असे ऐकू आले की आपण योग्य ठिकाणी पोहोचलो आहोत, असे समजावे. मूळ तबकडी आर्गो या कंपनीने काढली होती. ही कंपनी डेक्का समूहातली असल्यामुळे पुढील काळातील सीडी आणि ऑनलाइन आवृत्त्यांवर डेक्काचे नाव आढळते. ‘शांत झोपेसाठी’ किंवा ‘ध्यानासाठी’ अशा संकलनांत या रचनेचे तुकडे कापून घातलेले असतात. ते टाळावेत, कारण या संगीतात तुकड्याला स्वतंत्र अर्थ जवळजवळ नाही.

ऐकण्याच्या साधनांबद्दल फार काळजी करू नये. बरे हेडफोन पुरेसे आहेत. मात्र आवाज वाढवणारी किंवा सपाट करणारी सोय, इक्वलायझर वगैरे, बंद ठेवावी, आणि आवाजाची पातळी एकदाच ठरवून नंतर तिला हात लावू नये. या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर बरेच आहे. पुरुषांचे साधे पठण खोलीच्या दुसऱ्या टोकाला बोलणाऱ्या माणसाइतके ऐकू येईल, अशी पातळी ठेवली की बाकीचे आपोआप जुळते. मध्ये हलकी फितीची सरसर ऐकू येईल, तिला दोष मानू नये. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत शेजारच्या कुकरची शिटी मध्येच आली तर मात्र काही इलाज नाही. रात्री अकरानंतरची वेळ त्या मानाने बरी.

दुसरी पायरी : शब्द आधी वाचावेत

ही रचना बायबलमधील एक्कावन्नाव्या स्तोत्राची आहे. जुन्या लॅटिन क्रमवारीत त्याचाच क्रमांक पन्नास असल्यामुळे काही ठिकाणी तो आकडा दिसतो. मराठी बायबलच्या ‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकात हे स्तोत्र सहज सापडते आणि ऐकण्यापूर्वी ते एकदा मोठ्याने वाचावे, असा माझा आग्रह आहे. स्तोत्राच्या शीर्षकानुसार ते दावीद राजाचे आहे. बथशेबेशी केलेल्या व्यभिचारानंतर नाथान संदेष्टा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, त्या वेळचे. ‘माझ्यावर दया कर’ ही पहिलीच विनवणी आहे, आणि ‘मिसेरेरे’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘दया कर’ असाच आहे. पुढे धुऊन काढण्याची, एजोब या झुडपाच्या डहाळीने शुद्ध करण्याची, हिमापेक्षा शुभ्र होण्याची, नवे हृदय मिळण्याची याचना क्रमाक्रमाने येते. शेवटी सियोन नगरीसाठी प्रार्थना आणि वेदीवर अर्पण करायच्या गोऱ्ह्यांचा उल्लेख आहे.

शब्द वाचण्याचा फायदा असा की स्तोत्रातील प्रत्येक वचन दोन अर्धांचे असते, हे ध्यानात येते. पहिल्या अर्ध्यात एक गोष्ट म्हटली जाते आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच निराळ्या शब्दांत पुन्हा म्हटली जाते किंवा पुढे नेली जाते. ‘माझ्या अन्यायापासून मला धू’, आणि लगेच ‘माझ्या पापापासून मला शुद्ध कर’. अलेग्री यांच्या संगीताचा सांगाडा हाच आहे. प्रत्येक वचनात एक थांबा मध्यावर येतो आणि एक शेवटी. एवढे माहीत असले तर भाषा कळली नाही तरी माणूस हरवत नाही.

तिसरी पायरी : रचनेचा फेरा ओळखावा

अलेग्री १६२९ पासून रोममधील पोपच्या खाजगी गायकवृंदात, म्हणजे सिस्टिन चॅपेलमध्ये, गायक होते. आठवे अर्बन हे तेव्हाचे पोप. ‘मिसेरेरे’ ही रचना बहुधा १६३० च्या दशकातली असून ती ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातील ‘तेनेब्रे’ या उपासनेसाठी लिहिलेली होती. तेनेब्रे म्हणजे अंधार. या उपासनेत मेणबत्त्या एकेक करून विझवल्या जातात, आणि शेवटी जवळजवळ पूर्ण काळोखात हे स्तोत्र म्हटले जाई. म्हणजे ही मैफलीची रचना नव्हती. वर्षातून मोजक्या दिवशी, थकलेल्या आणि उपवास केलेल्या माणसांसमोर, अंधारात ती गायली जाई.

रचनेत तीन प्रकारचे आवाज आळीपाळीने येतात. पहिला पाच भागांचा, म्हणजे एकाच वेळी पाच वेगवेगळ्या सुरावटी गाणारा, मोठा वृंद. दुसरा चार एकल गायकांचा लहान गट, ज्याच्या सर्वांत वरच्या भागात तो प्रसिद्ध सूर आहे. आणि तिसरे साधे एकस्वरी पठण, ज्यात एकाहून अधिक गायक एकच ओळ एकत्र म्हणतात, साथीला दुसरा सूर नसतो. किंग्जच्या ध्वनिमुद्रणात हे पठण पुरुषांचे आहे. क्रम असा : मोठा वृंद, पठण, लहान गट, पठण. चार वचनांचा हा फेरा पाच वेळा होतो, म्हणून स्तोत्राची वीस वचने पुरी होतात, आणि एक फेरा साधारण अडीच मिनिटांच्या आत संपतो. अपवाद फक्त अखेरचा आहे. अगदी शेवटच्या वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात दोन्ही गट प्रथमच एकत्र येतात आणि नऊ भाग एकदम ऐकू येतात.

आता प्रत्येक वचन आतून कसे आहे, ते पाहावे. अनेक गायक एकाच वेळी वेगवेगळे सूर धरतात आणि त्या एकाच स्वरसमूहावर, म्हणजे कॉर्डवर, अनेक अक्षरे बोलण्याच्या लयीत म्हणून टाकतात. अर्ध्या वचनाच्या टोकाशी आल्यावर मात्र सूर हलू लागतात, एकमेकांवर किंचित घासतात आणि मग एका विसाव्यावर येऊन थांबतात. या पद्धतीला इटालियन भाषेत फाल्सोबोर्दोने म्हणतात. स्तोत्रपठणाची सवय असलेल्या मराठी कानाला हे फारसे परके वाटू नये. आपल्याकडेही स्तोत्र म्हणताना अक्षरे एका सुराच्या आसपास चालत राहतात आणि चरणाच्या शेवटी सूर वळण घेतो. फरक इतकाच की येथे एका सुराच्या जागी चार-पाच सुरांचा थर आहे. रागसंगीताच्या श्रोत्याने येथे आलाप, विस्तार किंवा समेची अपेक्षा ठेवू नये, ती पुरी होणार नाही. ‘सूर वर किंवा खाली कोठे गेला’ या प्रश्नापेक्षा ‘एका वेळी ऐकू येणाऱ्या सुरांच्या थराचा रंग केव्हा बदलला’ हा प्रश्न येथे अधिक उपयोगी आहे.

चौथी पायरी : पहिल्यांदा फक्त मोजत ऐकावे

पहिल्या श्रवणात सौंदर्याचा शोध घेऊ नये. कागदावर वीस रेघा माराव्यात आणि प्रत्येक वचनाला एकेक खूण करत जावे. मोठा वृंद, पठण, लहान गट, पठण. हे शाळकरी वाटेल, पण बारा मिनिटांच्या या संगीतात आपण कोठे आहोत हे कळू लागले की पुढचे सगळे सोपे होते. लहान गटाचा प्रसिद्ध सूर पहिल्या दोन मिनिटांच्या आत एकदा येतो आणि मग जवळजवळ अडीच-अडीच मिनिटांच्या अंतराने आणखी चार वेळा. एकूण पाच वेळा, आणि संगीत दर वेळी तेच, शब्द तेवढे वेगळे. हे कळल्यावर पुष्कळांची थोडी निराशा होते. माझा अनुभव असा की खरे ऐकणे त्या निराशेनंतर सुरू होते.

पाचवी पायरी : पठणाकडे लक्ष द्यावे

दुसऱ्या श्रवणात पुरुषांच्या साध्या पठणाकडे कान लावावा, म्हणजे ज्या भागाला बहुतेक श्रोते मधली रिकामी जागा समजतात त्याकडे. विलकॉक्स हे १९५७ ते १९७४ या काळात किंग्ज कॉलेजचे संगीतसंचालक होते, आणि त्यांच्या गायकवृंदाची स्तोत्रे म्हणण्याची पद्धत इंग्लंडमध्ये आदर्श मानली जाई. तिचे मर्म असे की शब्द बोलण्याच्या ओघात यावेत, पण सगळ्यांचे व्यंजन एकाच क्षणी पडावे. दहा-बारा माणसे एक वाक्य म्हणत आहेत आणि वाक्याच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ एकदाच ऐकू येतो आहे, विखुरलेला नाही, हे नीट ऐकावे. मग मध्यावरच्या थांब्याकडे यावे. तेथे गायक लगेच पुढे धावत नाहीत, वास्तूतील घुमारा थोडा विरू देतात आणि मगच दुसरा अर्धा उचलतात. हे थांबे एकदा कानात बसले की पठण रिकामे वाटत नाही. वृंदाच्या सुरांचा थर त्या साधेपणावर येऊन बसतो, म्हणून तो इतका भरगच्च वाटतो.

सहावी पायरी : तो उंच सूर

आता त्या सुराकडे वळायला हरकत नाही. तो पाश्चात्त्य परिभाषेत ‘वरचा सी’ आहे. पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक षड्ज मानली तर तारषड्जाच्याही एक सप्तक वरचा षड्ज, म्हणजे सेकंदाला सुमारे १०४६ कंपने. रॉय गुडमन तेव्हा बारा वर्षांचा होता. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तो रग्बीच्या मैदानावरून मळक्या गुडघ्यांनी थेट चॅपेलमध्ये आला होता, अशी आठवण सांगितली जाते. पुढे तो व्हायोलिनवादक आणि जुन्या युरोपीय संगीताचा संचालक म्हणून नावारूपाला आला.

हा सूर ऐकताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सूर कसा सुरू होतो. तो खालून घासत, चढवत आणलेला नाही, तो थेट आपल्या जागी उतरतो. दुसरी, सुरात कंप जवळजवळ नाही. इंग्लिश गायकवृंदांतील मुलांचा आवाज सरळ, कंपाविना लावण्याची परंपरा आहे, आणि त्यामुळे इतका उंच सूरही कर्कश न होता काचेच्या कडेसारखा राहतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सूर संपल्यानंतर आवाज कसा खाली येतो, ते ऐकावे. शिखर गाठणे एका श्वासाचे काम असते, पण त्यानंतरची उतरण सावकाश, एकेक पायरी धरत आहे आणि गुडमन ती कोठेही घाईने उरकत नाही. पाचही वेळा हा भाग ऐकला तर सूक्ष्म फरक जाणवतात. मुलाचा आवाज यंत्रासारखा नाही, आणि त्या किंचित ठिसूळपणामुळेच याचनेचे शब्द खरे वाटतात. प्रौढ स्त्री-गायिका हा सूर अधिक निर्धोक लावतात. पण ‘तो लागेल ना’ ही अस्पष्ट धाकधूक येथे आहे तशी तेथे नसते.

सातवी पायरी : वास्तूला ऐकावे

किंग्ज कॉलेजच्या चॅपेलची पायाभरणी सहाव्या हेन्री राजाने १४४६ मध्ये केली आणि दगडी बांधकाम १५१५ च्या सुमारास पुरे झाले. आतील लांबी सुमारे ८८ मीटर, उंची २४ मीटर आणि रुंदी केवळ १२ मीटर. वर जॉन वॅस्टेल या गवंड्याने उभारलेले पंख्याच्या आकाराचे दगडी छत आहे. या प्रकारच्या छतांत ते जगातील सर्वांत मोठे मानले जाते. अशा अरुंद, उंच, दगडी जागेत निघालेला आवाज कित्येक सेकंद रेंगाळतो. संस्थेच्या मूळ नियमांपासून चालत आलेल्या संख्येप्रमाणे येथे सोळा मुले गातात आणि त्यांच्या जोडीला विद्यापीठात शिकणारे तरुण. गायक समोरासमोर दोन बाजूंना बसतात. अलेग्री यांची रचना दोन गटांसाठी असल्यामुळे ती या जागेत सहज सामावते.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी घुमारा टाळण्याचा प्रयत्न केलेला नाही, आणि माझ्या मते हाच त्यांचा मोठा निर्णय होता. हेडफोनवर ऐकताना मोठा वृंद जवळ आणि रुंद वाटतो, तर चौघांचा लहान गट दूर, जणू चॅपेलच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे असे वाटते. वचनाचा शेवटचा सूर सुटल्यावर लगेच पुढचे वचन ऐकण्याच्या घाईत राहू नये. त्या सुटलेल्या सुराचे छताखाली काय होते, ते ऐकावे. थर विरताना वरचे सूर आधी जातात आणि खालचे थोडे अधिक काळ राहतात. या घुमाऱ्याची किंमतही मोजावी लागते, हे मान्य केले पाहिजे. इंग्रजी शब्द ठिकठिकाणी पुसट होतात, आणि शब्द आधी वाचण्याचा आग्रह मी धरला तो त्यामुळेच.

आठवी पायरी : ज्ञात असलेली ‘चूक’ समजून घ्यावी

या रचनेभोवती एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. चौदा वर्षांचा मोझार्ट एप्रिल १७७० मध्ये वडिलांसह रोमला आला, सिस्टिन चॅपेलमध्ये त्याने ‘मिसेरेरे’ ऐकले आणि ते आठवणीतून लिहून काढले. ११ एप्रिलच्या बुधवारी ऐकले आणि शुक्रवारी पुन्हा जाऊन दुरुस्त्या केल्या, असे सांगतात. रचना बाहेर नेणाऱ्याला धर्मबहिष्काराची शिक्षा होती, असे त्याच्या वडिलांनी, लेओपोल्ड मोझार्ट यांनी, पत्नीला पत्रातून कळवले होते. हे लिहून काढण्याचे काम विलक्षण खरेच, पण ‘चोरी’चा भाग फुगवलेला असावा, कारण त्याच्या आधीही रचनेच्या प्रती व्हॅटिकनबाहेर होत्या, आणि त्याच वर्षी पोपने त्या मुलाला शिक्षा तर केली नाहीच, उलट ‘गोल्डन स्पर’ या सरदारकीचा सन्मान दिला. मोझार्टची ती प्रत मात्र टिकलेली नाही. १७७१ मध्ये चार्ल्स बर्नी या इंग्लिश संगीत-इतिहासकाराने लंडनमध्ये ‘मिसेरेरे’ छापले, आणि त्या छापील रूपात वरचा सी नाही.

मग तो आला कोठून? कागदावर ही रचना अगदी साधी आहे, पण सिस्टिनमधील गायक ती प्रत्यक्षात अलंकरणांनी सजवून गात असत. ही अलंकरणे लिहिलेली नसत. ती गुरूकडून शिष्याकडे ऐकून जात, आणि वरचे भाग कास्त्राती, म्हणजे बालपणीच शस्त्रक्रियेने आवाज उंच राखलेले पुरुष, गात. गायकीचे घराणे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार समजायला वेळ लागणार नाही. बर्नी यांनी एक गोष्ट नोंदवली आहे. सम्राट पहिला लेओपोल्ड याने व्हिएन्नासाठी या रचनेची प्रत मागवली. तेथे ती गायल्यावर इतकी सपाट वाटली की आपल्याला खोटी प्रत पाठवली असा त्याचा समज झाला. अलंकरणे कागदावर नव्हती, हे कळायला वेळ गेला.

फेलिक्स मेंडेल्सझोन या जर्मन संगीतकाराने १८३१ मध्ये रोममध्ये ‘मिसेरेरे’ ऐकून त्यातील काही सूर उतरवून ठेवले. ते त्याने वरच्या पट्टीत लिहिलेले होते. पुढे १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये संगीताच्या एका मोठ्या कोशासाठी लेख लिहिताना डब्ल्यू. एस. रॉकस्ट्रो यांनी तो तुकडा मूळ पट्टीतील रचनेला तसाच जोडला. पट्ट्या जुळत नव्हत्या. म्हणजे लहान गटाची ओळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात संगीत एकदम निराळ्या पट्टीत उडी मारते आणि सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरचा आवाज, वरच्या सीपर्यंत पोहोचते, हे अलेग्री यांनी लिहिलेले नव्हते. १९५१ मध्ये आयव्हर अ‍ॅटकिन्स यांनी इंग्लिश चर्चसाठी इंग्रजी शब्दांसह जी आवृत्ती छापली तिच्यातही हीच जोड होती, आणि किंग्जच्या गायकवृंदाने १९६३ मध्ये ती आवृत्ती गायली.

ही माहिती कळल्यावर ‘म्हणजे हे सगळे खोटेच’ असे काही जण म्हणतात. माझे मत वेगळे आहे. ही जोड कानाला ऐकू येते. एकदा माहीत झाल्यावर लहान गटाच्या वचनात ती पट्टी बदलण्याची जागा पकडून पाहावी, तेथे एक क्षणभर जमीन सरकल्यासारखी वाटते. पण नेमक्या त्या सरकण्यामुळे पुढचा सूर आकाशातून आल्यासारखा भासतो. सतराव्या शतकातील रोमचा आवाज कसा होता, हे शोधणाऱ्याने या ध्वनिमुद्रणावर विसंबू नये, हे खरे. विसाव्या शतकातील एका इंग्लिश चॅपेलमध्ये मुलांच्या आवाजात ही परंपरा कशी रुजली, याचा मात्र हा अस्सल दस्तऐवज आहे.

नववी पायरी : तुलना करावी

किंग्जचे ध्वनिमुद्रण चार-पाच वेळा ऐकून झाल्यावरच दुसरे काढावे. पहिल्यांदा पीटर फिलिप्स यांच्या टॅलिस स्कॉलर्सचे १९८० चे ध्वनिमुद्रण घ्यावे. ते ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपेलमध्ये झाले, लॅटिनमध्ये आहे, आणि वरचे भाग मुलांऐवजी स्त्रिया गातात. उंच सूर अ‍ॅलिसन स्टॅम्प यांचा आहे. सुरांची शुद्धता आणि भागांचा सुटसुटीतपणा येथे किंग्जपेक्षा सरस आहे, हे मी निःसंकोच म्हणेन. त्यानंतर आ सेई व्होची या फ्रेंच गटाचे १९९० च्या दशकातील ध्वनिमुद्रण ऐकावे. त्यात वरच्या सीचा आधार न घेता बरोक काळातील पद्धतीच्या अलंकरणांनी वचने सजवलेली आहेत. तान-मुरकीची सवय असलेल्या आपल्या कानांना हे ध्वनिमुद्रण कदाचित सर्वांत जवळचे वाटेल. तीनही ऐकल्यावर पुन्हा किंग्जकडे यावे आणि आपला कान आता कोठे थांबतो, ते पाहावे. पुष्कळांचा तो पहिल्या पाच भागांच्या वचनावर थांबतो, ज्याकडे सुरुवातीला त्यांचे लक्षच नव्हते.

पुढची वाट

किंग्जच्या त्याच तबकडीवर पॅलेस्ट्रिना या सोळाव्या शतकातील रोमन संगीतकाराच्या रचनाही होत्या, त्यांतील ‘स्ताबात मातेर’ दोन गटांसाठीच आहे. ‘मिसेरेरे’मधील संवाद कानात बसल्यावर ती समजायला अवघड जात नाही. अधिक धाडस करायचे असेल तर त्याच विलकॉक्स यांनी १९६० च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेली थॉमस टॅलिस यांची चाळीस स्वतंत्र भागांची ‘स्पेम इन आलियम’ घ्यावी. मात्र तेथे मोजत बसू नये, मोजणे हाताबाहेर जाते.

प्रत्यक्ष गायन ऐकण्याची इच्छा असणाऱ्यांना दूर जाण्याची गरज नाही. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेल्या वृंदाने पाश्चात्त्य वृंदगानाची परंपरा दीर्घकाळ सांभाळली आहे. गोव्यात तर ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘मोतेत’ म्हणून ओळखली जाणारी लॅटिन भक्तिगीते गायली जातात, विशेषतः ख्रिस्ताच्या दुःखभोगाच्या मिरवणुकींत, आणि त्यांच्या साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मोठ्या आकाराचे खर्जाचे तंतुवाद्य असते. गावोगावच्या चर्चच्या शाळांतून ‘मेस्त’ म्हणजे संगीतशिक्षक मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, त्यातून ही परंपरा वाढली. मोतेत अलेग्री यांच्या रचनेसारखे नाहीत, त्यांचा घाट वेगळा आहे. पण पश्चात्तापाचे तेच लॅटिन शब्द, तोच काळ आणि तेच मेणबत्त्यांचे मंद उजेड तेथे भेटतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येणाऱ्या या आठवड्यांत गोव्यात असाल तर संध्याकाळच्या मिरवणुकीची वेळ जवळच्या चर्चमध्ये आधी विचारून घ्यावी, थोडे लवकर जावे आणि गायकांच्या अगदी जवळ न उभे राहता चर्चच्या मधल्या भागात, भिंतीपासून थोडे दूर उभे राहावे.